एलिसब्रिजचा एक गाळा, १:५० : प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार, अहमदाबाद

काल दसऱ्याला इथल्या देवघरासमोर माझ्या कानशी, पकड आणि डाख देण्याची इस्त्री ठेवली. लेकीला हसू आलं. पण पुण्याहून येताना कपड्यांपेक्षा हत्यारंच जास्त आणली होती, त्यामुळे पूजा करणं भाग होतं. आज सीमोल्लंघन, म्हणजे प्रत्यक्ष काम.

काम असं : साबरमतीवरच्या एलिसब्रिजचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, पितळेत उभा करायचा, १:५० मापाने. पालडीहून भद्रकडे जाताना हा पूल दर वेळी रिक्षातून दिसतो आणि दर वेळी मान वळते. आयुष्य पूल खात्यात काढलं, पण लोखंडी कैचीचे, म्हणजे पट्ट्या त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्याचे, पूल माझ्या वाट्याला एक-दोनच आले, बाकी सगळं काँक्रीट.

मापं : एकूण लांबी ४३३.४१ मीटर, गाळे १४, प्रत्येकी ३०.९६ मीटर. रुंदी ६.२५ मीटर. माझा गाळा ६१.९ सेंटिमीटर लांब आणि १२.५ सेंटिमीटर रुंद होईल. जेवणाच्या टेबलावर बसतो. लेकीचं म्हणणं, बसतो म्हणून ठेवायचा नाही.

वहीच्या पहिल्या पानावर सवयीने ‘मोजमाप पुस्तिका’ असंच लिहिलं. आठ वर्षं झाली निवृत्त होऊन, हात ऐकत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

पितळी पट्ट्या कुठे मिळतील याची चौकशी केली तर जावई म्हणाले, आज रविवारीत जा. रविवारी म्हणजे गुजरी बाजार. पूर्वी एलिसब्रिजच्या खाली, नदीच्या वाळूत भरायचा. आता रिव्हरफ्रंटवर जागा दिली आहे, पुलापासून जवळच. अहमदशाहाच्या काळापासून भरतो म्हणतात. जुन्या खिडक्या, पंखे, कुलपं, तराजू आणि माणसं. नातवाला घेऊन गेलो. दोन तासांत पट्ट्या, एक अर्धगोल कानस आणि गरज नसलेला एक स्प्रिंगकाटा. विक्रेत्याने विचारलं, ‘शुं बनावशो, काका?’ पूल म्हटल्यावर त्याने समोरच्या खऱ्या पुलाकडे हात केला, ‘आ छे ने!’ पैसे मात्र कमी केले नाहीत.

नातवाला किनाऱ्यावरच पुलाची गोष्ट सांगितली. इथे पहिला पूल लाकडी होता, १८७०-७१ सालचा. १८७५ च्या पुराने तो नेला. मग १८९२ साली हा उभा राहिला. नाव बॅरो हेल्बर्ट एलिस या गोऱ्या अंमलदाराचं, पण पूल बांधला हिमतलाल धीरजराम भचेच या इथल्या अभियंत्याने. अंदाज पाच लाखांचा होता, पूल चार लाख सात हजारांच्या आसपास झाला. सरकारला संशय आला : एवढे पैसे उरले म्हणजे माल हलका वापरला असणार! चौकशी समिती बसली. समितीला काम उत्तम दिसलं आणि हिमतलालांना पुढे रावसाहेब ही पदवी मिळाली.

ही गोष्ट मी नोकरीत असताना ऐकली असती तर चौकटीत लावून टेबलावर ठेवली असती. खर्च वाढला तर ‘सुधारित अंदाजपत्रक’ असा शब्द तयार आहे. खर्च कमी झाला तर त्याला शब्दच नाही, थेट चौकशी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

काम शून्य. करंज्या.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन्ही बाजूंच्या कैच्यांचे वरचे पट्टे वाकवून झाले. हा पूल ‘बोस्ट्रिंग’ जातीचा. मराठीत सांगायला सोपं आहे, कारण शब्द आपल्याकडे तयार आहेत : धनुष्य आणि दोरी. वरची कमान म्हणजे धनुष्य, ती दाबली जाते. खालचा सरळ पट्टा म्हणजे दोरी, ती ताणली जाते. मधले उभे आणि तिरके भाग दोघांना एकमेकांशी बांधून ठेवतात.

नातू आठवीत आहे. त्याला प्रश्न पडला, दगडी पुलाची कमान असते तिला दोरी कुठे असते? चांगला प्रश्न. दगडी कमान आपले दोन्ही पाय बाहेर ढकलते. तो रेटा सोसायला दोन्ही कडांना भक्कम खडक किंवा जाडजूड बांधकाम लागतं. आमच्या सह्याद्रीत ते फुकट मिळतं. साबरमतीच्या तळाला वाळू. तिथे खांबाला आडवा रेटा दिला तर खांब कधी ना कधी मान टाकणार. धनुष्याला दोरी लावली की रेटा दोरीतच जिरतो, खांबावर फक्त सरळ खाली वजन येतं. म्हणून या पुलाला जोडीजोडीने उभे असे सडसडीत गोल खांब पुरतात.

त्याला एक पट्टी वाकवून टेबलावर उभी धरायला लावली. हात सोडला की टोकं पसरतात. मग टोकांना दोरा बांधून दिला. आता वरून बोट दाबलं तरी टोकं जागची हलत नाहीत. त्याने चार वेळा दाबून बघितलं, मग दोरा कात्रीने कापून बघितला. पट्टी उडून माझ्या चष्म्याला लागली. काचेवर बारीक ओरखडा.

सगळ्या पुलाचा जीव त्या खालच्या दोरीत आहे. आणि घाण, पाणी, पालापाचोळा, कबुतरांची विष्ठा साचते तीही नेमकी त्या खालच्या पट्ट्यावरच.

१४ नोव्हेंबर

डाख धरत नाही. फ्लक्स, म्हणजे डाख धरावा म्हणून लावायचं रसायन, जुना निघाला. सहा सांधे सोडवून परत केले.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला पुलावर. म्हणजे जुन्या नाही, शेजारच्या. १९९७ च्या सुमारास जुन्या पुलाच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे नवे पूल बांधले, त्यांना विवेकानंदांचं नाव आहे. वाहनं तिकडे गेली. जुना मधे राहिला, दोन पैलवानांच्या मधे उभ्या केलेल्या म्हाताऱ्यासारखा. निर्णयाला नावं ठेवत नाही. पाडला नाही, हेच पुष्कळ. पण दुरून दिसणारी त्याची रेघ गेली ती गेलीच.

मॉडेलसाठी रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळींचे फोटो हवे होते. कठड्याशी उभं राहून दुर्बिणीतून एक सांधा पंधरा मिनिटं पाहिला. रिव्हेटाची गंमत अशी की तो तापवून लाल असताना ठोकतात. थंड होताना तो आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. वेल्डिंगसारखं वितळवणं नाही, नटासारखं पिळणं नाही. नुसतं आखडणं. १३२ वर्षं ती मिठी टिकली आहे.

तिला सोडवतो तो गंज. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की आतल्या आत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते, तो फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून ढकलतो. सरळ असायला हवी अशी प्लेटची कड दोन रिव्हेटांच्या मधे फुगलेली दिसली की ओळखायचं, पाचर आतून ठोकली जाते आहे. वरून रंग चोपडून उपयोग नाही, आतली पाचर तशीच राहते.

रंगावरून आठवलं. लोखंडावरचा जुना अस्तराचा रंग म्हणजे ‘रेड लेड’. हे शिशाचं ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूरच. वेशीवरचा मारुती आणि इंग्रजांचे पूल एकाच डब्यातून रंगले, आणि कारणही एकच, खालचं झिजू नये. फरक एवढाच की मारुतीवर दर शनिवारी नवा थर चढतो.

शिसं विषारी. जुना शेंदरी थर खरवडताना धूळ उडवून चालत नाही, खाली ताडपत्री बांधून गोळा करावा लागतो. नदीवर तर जास्तच जपून. ही कलमं अंदाजपत्रकात धरली की रंगकाम एकदम महाग दिसायला लागतं, आणि मग पहिली कात्री तिथेच लागते.

१ डिसेंबर, रविवार

आज पितळेला हात लावला नाही. एक जुनी गोष्ट लिहून टाकतो, कारण परवापासून ती डोक्यात आहे.

नोकरीत एका तालुक्याच्या गावी एक लोखंडी पूल माझ्या ताब्यात होता. छोटा, तीन गाळ्यांचा. शेजारी नवा काँक्रीटचा झाला आणि जुन्यावर दोन्ही टोकांना रुळांचे तुकडे गाडून वाहतूक बंद केली. त्या वर्षी नेहमीप्रमाणे रंगकामाचं अंदाजपत्रक वर पाठवलं. परत आलं. शेरा असा होता की पूल वाहतुकीस बंद असल्याने देखभालीच्या खर्चाचं प्रयोजन दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. तिसऱ्या वर्षी मीच पाठवलं नाही. हे माझ्याच नावावर मांडायला हवं.

पूल मात्र सुट्टीवर गेला नव्हता. स्वतःचं वजन तो रोज उचलत होता. ऊन, वारा, पुराचं पाणी, सगळं चालू होतं. बंद झाली ती फक्त गाडी, आणि गाडीबरोबर त्याचं खातं, त्याचा गँगमन, वर्षातून दोनदा बेअरिंगला, म्हणजे गाळा खांबावर टेकतो त्या आधाराला, ग्रीस लावणारा माणूस. गावातली पोरं रुळांच्या फटीतून सायकली नेत, बायका कपडे वाळत घालत. पाच-सहा वर्षांनी एका पावसाळ्यात मधल्या गाळ्याचा पदपथ खाली आला. रात्रीची वेळ, कोणी नव्हतं. मग पूर्ण पूल भंगारात काढला आणि टनावर विकला. विकताना माल चांगला भरला, एवढीच हिमतलालांच्या गोष्टीशी त्याची बरोबरी.

प्रयागराजचा जुना नैनी पूल १८६५ चा आहे, त्यावरून अजून गाड्या धावतात. राजमहेंद्रीचा गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९०० पासून १९९७ पर्यंत चालला. छप्पन्न गाळे, तेही आपल्या त्र्यंबकहून निघालेल्या नदीवर. शेजारी नवा पूल झाला, गाड्या थांबल्या, आणि तेव्हापासून तो नुसता उभा आहे, पर्यटनाच्या घोषणा ऐकत. भरूचचा नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज १८८१ चा. जुलै २०२१ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला आणि याच्यावरची वाहनं थांबली. वयाने तिघांत मोठा नैनी, पण काळजी मला उरलेल्या दोघांची वाटते. नैनीवरून गाडी जाते, म्हणून त्याला तपासायला कोणीतरी हातोडी घेऊन जातंच.

८ डिसेंबर, रविवार

घोटाळा. दोन्ही कैच्या, आडवे गर्डर, वरचे बांध सगळं जोडून झालं होतं. सकाळच्या थंडीत चारही पाय सागवानी फळीवर पक्के स्क्रूने बसवले आणि काळा रंग वाळायला मॉडेल गच्चीत उन्हात ठेवलं. दुपारी एकच्या सुमारास वर गेलो तर माझ्यासमोर टक् असा आवाज. टोकाचा एक सांधा सुटला. हात लावला तर पितळ चटका बसेल इतकं तापलेलं.

चूक शिकाऊ पोराची. दोन्ही टोकं बांधून ठेवली. ६२ सेंटिमीटर पितळ, तीस अंशांचा फरक, म्हणजे जेमतेम ०.३५ मिलिमीटरची वाढ. तेवढ्याला जागा नाही मिळाली आणि डाख फुटला.

खऱ्या गाळ्याचा हिशेब लगेच मांडला : ३०.९६ मीटर, चाळीस अंशांचा फरक, लोखंड. उत्तर १५ मिलिमीटर. अहमदाबादेत पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत चाळीसहून जास्तच फरक पडेल, लोखंडाला ऊन थेट लागतं. म्हणून कैचीच्या पुलाचं एक टोक अडकवायचं आणि दुसरं सरकतं ठेवायचं. हे सरकतं टोक धूळ आणि गंज खाऊन एकदा घट्ट बसलं की पूल दर वर्षी तेवढाच वाढायला बघतो आणि ती ताकद खांबाच्या माथ्यावर किंवा टोकाच्या सांध्यावर काढतो. गाडी असो वा नसो.

एका टोकाचे स्क्रू काढून तिथे सुईचे दोन तुकडे रूळ म्हणून घातले. सांधा नव्याने दिला. नातवाला विचारलं, मॉडेल सरकतंय का बघ. त्याने फुंकर मारून पाहिलं.

२२ डिसेंबर, रविवार

पुलाच्या शहराकडच्या टोकाला बराच वेळ हिंडलो. इथेच माणेक बुरूज, शहराच्या स्थापनेच्या वेळचा, १४११ चा. आणि जवळच जुनं व्हिक्टोरिया गार्डन, आताचं लोकमान्य टिळक बाग. टिळकांचा पुतळा इथे वल्लभभाई पटेलांच्या पुढाकाराने बसला, १९२९ साली गांधीजींच्या हस्ते. राणीच्या नावाच्या बागेत टिळक! पुण्याच्या माणसाने इथे पाच मिनिटं बसायलाच हवं. बसलो, शेंगदाणे खाल्ले.

आणखी एक मराठी माणूस या पुलाशी जोडावासा वाटतो. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. भद्रमध्ये मावळंकरांची हवेली, आणि शिक्षण नदीपलीकडच्या गुजरात कॉलेजात. १९०८ चे बी.ए. तेव्हा नदी ओलांडायला हाच पूल होता. पुस्तकं काखेत घेऊन ते इथून चालत जात असतील असं मी धरून चाललो आहे. पुढे ते इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, म्हणजे पुलाची चिंताही त्यांच्या टेबलावर आली असेल.

यंदा पुलाच्या दुरुस्तीसाठी ३२ कोटींच्या आसपास रक्कम मंजूर झाल्याची बातमी होती. पुढे तो पायी फिरणाऱ्यांचा पूल व्हायचा आहे. आनंद आहे. १८९२ मध्ये अख्खा पूल चार लाखांत झाला म्हणून नाक मुरडणारे भेटतात, त्यांना तेव्हाचा सोन्याचा भाव विचारावा. माझा प्रश्न वेगळा. ३२ कोटी हा एकदाचा खर्च. पाचव्या वर्षीच्या रंगाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली बसणार? सरकत्या टोकाला ग्रीस लावणारा माणूस कोणाच्या हजेरीपटावर असणार? दिव्यांची रोषणाई करणारा मिळतो, उद्घाटनाला मंडपवालाही मिळतो.

मॉडेल : रिव्हेट झाले. पातळ पत्र्यावर मागून बोथट सुईने टोचे मारून. दोन हजारांच्या पुढे मोजणं सोडलं.

१४ जानेवारी २०२५, उत्तरायण

गच्च्यांवर अख्खं शहर. पतंग, उंधियू, जिलेबी, ‘काइपो छे’च्या आरोळ्या. गच्चीच्या स्लॅबवर आमच्या सोसायटीची पन्नासेक माणसं नाचत होती आणि मी मनात भार मोजत होतो. हिने ओळखलं. म्हणाली, ‘आजच्या दिवस तरी राहू द्या.’

पण हिशेब केलाच, तो उतरवून ठेवतो. ‘फक्त पादचाऱ्यांसाठी’ म्हटलं की सगळ्यांना वाटतं पुलाचं ओझं उतरलं. एका गाळ्याचं क्षेत्रफळ, पूर्ण रुंदी धरली तर, ३०.९६ गुणिले ६.२५, म्हणजे साधारण १९३ चौरस मीटर. त्यावर दोन रांगांत चिकटून मोटारी उभ्या केल्या तर बारा मावतील. सव्वा टनाच्या धरल्या तरी १५ टन. आता मोटारी काढा आणि पतंग बघायला माणसं उभी करा. दाटीवाटीत चौरस मीटरला पाच. ६५ किलोंचा माणूस. उत्तर जवळजवळ ६३ टन. मोटारींच्या चौपट. आपली रस्ते-पुलांची संहिता गर्दीच्या ठिकाणी पदपथावर चौरस मीटरला ५०० किलोंपर्यंत धरायला सांगते. लांब गाळ्याला त्यात सूट आहे, पण सूट म्हणजे माफी नव्हे.

मोटारी अंतर ठेवतात. माणसं फोटो काढायला एकाच कठड्याशी येतात.

६३ टन म्हणजे मॉडेलला घनमापाने सव्वा लाखाने भागून अर्धा किलो. संध्याकाळी साखरेची अर्धा किलोची पिशवी पुलावर सारखी पसरून ठेवली. नातू श्वास रोखून. खालचा पट्टा किंचित ताणल्याचा भास झाला, तोही बहुधा माझा. पूल उभा. साखर पोळ्यांत गेली.

१६ जून २०२५, सोमवार, पुणे

पाच महिने वहीत काही नाही. मॉडेल मार्चमध्ये खोक्यात घालून पुण्याला आणलं, तेव्हापासून कपाटावर.

काल दुपारी मावळात इंदुरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. रविवार, पावसाची सर, फिरायला आलेली माणसं. चार जण गेले, कित्येक जखमी. धोक्याचा फलक तिथे होता. पूल एलिसब्रिजच्या मानाने पोरगा, तीसेक वर्षांचा.

माझ्या ओळखीच्या तिघांनी फोन करून एकच वाक्य सांगितलं, ‘बोर्ड लावला होता की!’ मीही गाडलेले रुळ आठवून गप्प बसलो. रुळांच्या फटीतून जाणाऱ्या त्या सायकली मी पाहिल्या होत्या. रोज पाहत होतो.

२२ जून, रविवार

मॉडेल खाली काढलं. धूळ पुसली. सरकत्या टोकाखालच्या सुया एका जागी चिकटल्या होत्या, वार्निश ओघळून. पाच महिन्यांत. टर्पेंटाइन लावून सोडवल्या.

डिसेंबरात हौसेने मॉडेलच्या तोंडाशी नखाएवढी पाटी लावली होती : ‘फक्त पादचाऱ्यांसाठी’. ती ब्लेडने काढली. नवी केली, जरा मोठी : ‘एका वेळी एका गाळ्यावर ___ माणसे’. दुसऱ्या ओळीत : ‘बेअरिंग तपासणी दिनांक ___’.

नातवाचा व्हिडिओ कॉल आला. पाटी दाखवली. म्हणाला, ‘आजोबा, आकडा टाका ना.’ म्हटलं, साखरेवरून नाही टाकत. खालच्या पट्ट्याची जाडी मोजल्यावर टाकू. पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा मायक्रोमीटर तू धर.

तारीख मात्र आजची घातली.